कोड अक्षरांत नसेल तर तो असतो कुठे? पीट, व्हाइटस्पेस, बिफंज आणि त्यांची भावंडे

प्रश्न असा आहे: एसोटेरिक, म्हणजे गंमत किंवा प्रयोग म्हणून केलेल्या, प्रोग्रॅमिंग भाषांमध्ये कोड चित्रात, रिकाम्या जागेत, अगदी फोल्डरांमध्येही लिहितात, हे बहुतेकांनी ऐकलेले असते. पण तो तिथे नेमका बसतो कसा? आणि एखादा लहान प्रोग्राम स्वतः लिहायला घेतला तर काय बिघडते?

सगळ्या उत्तराची किल्ली एकच आहे. कोणत्याही भाषेत सूचनेचा अर्थ कशाला तरी बांधलेला असतो. नेहमीच्या भाषांत तो शब्दाला बांधलेला असतो. या भाषांत तो दोन रंगांमधल्या फरकाला, चौकटीतल्या जागेला, फाइलच्या लांबीला किंवा फोल्डरांच्या संख्येला बांधतात. अर्थ कशाला बांधला आहे हे ओळखले की भाषा कशी वाचायची ते कळते, आणि चूक कुठून शिरेल तेही कळते. खाली दोनच कामे निरनिराळ्या भाषांत करून दाखवतो. पहिले काम रोमन ‘एच’ छापण्याचे, त्याचा क्रमांक ७२. दुसरे देवनागरी ‘न’ छापण्याचे, त्याचा युनिकोड क्रमांक २३४४.

सुरुवातीलाच एक गट बाजूला काढायला हवा. उर्बान म्युलर यांनी १९९३ मध्ये केलेल्या ब्रेनफकमध्ये आठ चिन्हे आहेत आणि प्रत्येक चिन्हाला एक काम आहे. ही आठ चिन्हे बदलून तयार झालेल्या भाषा शेकड्यांनी सापडतात. ‘ऊक!’ त्यातली प्रसिद्ध. तिच्यात पूर्णविराम, प्रश्नचिन्ह आणि उद्गारचिन्ह लावलेले तीन ‘ऊक’ असतात आणि दोन-दोनच्या जोडीने एक ब्रेनफक चिन्ह होते. वाचायला गंमत येते, पण इथे मांडणी बदललेली नाही, फक्त वेश बदलला आहे. शोधा-आणि-बदला चालवून मूळ प्रोग्राम जसाच्या तसा मिळत असेल तर त्या भाषेत शिकण्यासारखे फार नसते. मराठी शब्द घालून केलेल्या अशा भाषांनाही हेच लागू.

आता पीट. डेव्हिड मॉर्गन-मार यांनी केलेल्या या भाषेला चित्रकार पीट मोन्ड्रियान यांचे नाव दिले आहे, आणि प्रोग्राम म्हणजे खरोखर एक चित्र असते. रंग वीस: लाल, पिवळा, हिरवा, सियान, निळा, मजेंटा या सहा छटा, प्रत्येकीच्या फिकट, मध्यम, गडद अशा तीन पायऱ्या, आणि शिवाय काळा व पांढरा. फिकट लाल म्हणजे २५५, १९२, १९२. मध्यम लाल २५५, ०, ०. गडद लाल १९२, ०, ०. बाकीचे याच नमुन्यावर. चित्रातल्या सर्वांत लहान चौकोनाला कोडेल म्हणतात आणि एकाच रंगाचे, बाजूला बाजू लागलेले कोडेल मिळून एक ठोकळा होतो. केवळ कोपऱ्याला कोपरा लागला असेल तर ते दोन वेगळे ठोकळे.

लाल रंगाचा स्वतःचा असा काहीही अर्थ नाही. सूचना ठरते ती एका ठोकळ्यातून दुसऱ्यात जाताना छटा किती पावले पुढे सरकली आणि गडदपणा किती पावले वाढला यावरून. दोन्ही मोजणी चक्राकार आहेत: मजेंटानंतर पुन्हा लाल, गडदनंतर पुन्हा फिकट. काळी दोनच्या सुरात बसवलेले गाणे काळी चारमध्ये गायले तरी गाणे तेच राहते, तसेच इथे होते. सगळ्या रंगीत ठोकळ्यांची छटा सारखीच सरकवली तर चित्र पूर्ण वेगळे दिसते आणि प्रोग्राम मात्र जसाच्या तसा चालतो.

सूचना अशा आहेत. (आकडे एकावर एक अशा चळतीत, म्हणजे स्टॅकवर, ठेवले जातात. पुश वर आकडा ठेवते, पॉप वरचा काढून टाकते.) प्रत्येक ओळीतल्या तीन नोंदी म्हणजे गडदपणाची अनुक्रमे ०, १ आणि २ पावले:

छटा ० पावले: काही नाही, पुश, पॉप
छटा १ पाऊल: बेरीज, वजाबाकी, गुणाकार
छटा २ पावले: भागाकार, बाकी, नॉट
छटा ३ पावले: ग्रेटर, पॉइंटर, स्विच
छटा ४ पावले: डुप्लिकेट, रोल, आकडा वाचा
छटा ५ पावले: अक्षर वाचा, आकडा छापा, अक्षर छापा

पुश कोणता आकडा ढकलते? ज्या ठोकळ्यातून आपण बाहेर पडलो त्यातल्या कोडेलांची संख्या. म्हणजे आकडे क्षेत्रफळात लिहायचे. ७२ साठी ७२ कोडेलांचा ठोकळा काढता येतो, पण ८ आणि ९ चा गुणाकार स्वस्त पडतो. ८ कोडेलांचा फिकट लाल ठोकळा, त्याला लागून ९ कोडेलांचा मध्यम लाल, मग कितीही आकाराचा गडद लाल, मग मध्यम पिवळा, शेवटी पुन्हा फिकट लाल. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना ८ पुश होतो, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना ९. गडद लाल ते मध्यम पिवळा हे छटेचे १ आणि गडदपणाचे २ पाऊल (गडद, मग फिकट, मग मध्यम), म्हणजे गुणाकार. मध्यम पिवळा ते फिकट लाल हे छटेचे ५ आणि गडदपणाचे २, म्हणजे अक्षर छापा.

‘न’ साठी एक सुंदर योग जुळून येतो. युनिकोडमधला देवनागरीचा पट्टा २३०४ पासून सुरू होतो आणि २३०४ म्हणजे ४८ चा वर्ग. त्यामुळे देवनागरीतले कोणतेही चिन्ह ‘४८ गुणिले ४८, अधिक काहीतरी’ असे मिळते. ‘न’ साठी ते काहीतरी ४० आहे. रंगांची ओळ अशी: फिकट लाल (४८ कोडेल), मध्यम लाल, मध्यम निळा, फिकट मजेंटा (४० कोडेल), मध्यम मजेंटा, मध्यम लाल, फिकट मजेंटा. घडते ते असे: ४८ पुश, डुप्लिकेट, गुणाकार, ४० पुश, बेरीज, अक्षर छापा. २३४४ कोडेलांचे काम शंभराच्या आत होते. फक्त एक तपासा: तुमचा इंटरप्रिटर, म्हणजे प्रोग्राम वाचून चालवणारे सॉफ्टवेअर, पूर्ण युनिकोड क्रमांक छापतो की एकेक बाइट. बाइटच छापत असेल तर २२४, १६४, १६८ असे तीन आकडे त्याच क्रमाने छापावे लागतील, कारण यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड चिन्हे बाइटांत साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, ‘न’ तसा लिहिला जातो.

शून्य थेट पुश करता येत नाही, कारण शून्य कोडेलांचा ठोकळा असू शकत नाही. १ पुश करून त्यावर नॉट (शून्याचे १ आणि बाकी सगळ्यांचे ० करणारी सूचना) चालवायचे. ऋण आकडे वजाबाकीने.

प्रोग्राम चालवणारा बिंदू चित्रात कसा फिरतो यावर बहुतेक नवशिके अडखळतात. दोन दिशादर्शक असतात. एक दिशा सांगतो, त्याची सुरुवात उजवीकडे. दुसरा त्या दिशेच्या डावीकडचे की उजवीकडचे टोक निवडायचे ते सांगतो, त्याची सुरुवात डावीकडे. ठोकळ्याची त्या दिशेची सर्वांत दूरची कड घ्यायची, त्या कडेवरचे दुसऱ्या दर्शकाने सांगितलेले टोक घ्यायचे, आणि तिथून पुढच्या कोडेलात पाऊल टाकायचे. उजवीकडे जाताना डावी बाजू म्हणजे वरची बाजू. म्हणून सुरुवातीला ठोकळ्यातून बाहेर पडण्याची जागा उजव्या कडेचा सर्वांत वरचा कोडेल असते. मधून निघू असे मनात धरून चित्र काढले तर बिंदू भलत्याच ठोकळ्यात शिरतो.

समोर काळा रंग किंवा चित्राची सीमा आली तर आधी दुसरा दर्शक उलटतो, तरीही वाट नसेल तर पहिला घड्याळाच्या दिशेने एक पाऊल वळतो, आणि असे आलटूनपालटून आठ प्रयत्न होतात. आठही फसले तर प्रोग्राम संपतो. थांबण्याची वेगळी सूचना नाही. इथेच सर्वांत जास्त प्रोग्राम बिघडतात: शेवटच्या ठोकळ्याभोवती काळे लावले तरी ज्या वाटेने आत आलो ती उघडीच असते, आणि दिशा फिरत फिरत बिंदू तिथूनच परत जातो. आमच्या उदाहरणात फिकट लालमधून मध्यम पिवळ्यात परत गेलो तर छटा १, गडदपणा १, म्हणजे वजाबाकी होईल आणि पुढे सगळे भरकटेल. उपाय सोपा आहे. शेवटचा ठोकळा तीन कोडेलांची उभी पट्टी करा, पिवळा ठोकळा तिला फक्त मधल्या कोडेलावर टेकू द्या, बाकी सगळीकडे काळे. डावीकडे बाहेर पडताना निवडले जाते ते पट्टीचे वरचे किंवा खालचे टोक. मधला कोडेल कधीच निवडला जात नाही. आठही प्रयत्न काळ्यावर आपटतात आणि प्रोग्राम शांतपणे थांबतो.

दुरुस्तीचा त्रासही याच मांडणीतून येतो. एका ठोकळ्याचा रंग बदलला की दोन सूचना बदलतात, आत येतानाची आणि बाहेर जातानाची. मध्येच एक सूचना घालायची तर पुढचे सगळे रंग सरकवावे लागतात. यातून पांढरा रंग सोडवतो. पांढऱ्यात शिरताना किंवा पांढऱ्यातून निघताना कोणतीही सूचना चालत नाही. बिंदू सरळ घसरत पुढे जातो. म्हणून दर चार-पाच सूचनांनंतर पांढऱ्याची एक फट ठेवा. फटीपलीकडचा भाग कोणत्याही रंगापासून सुरू करता येतो आणि दुरुस्ती फटीपर्यंतच मर्यादित राहते. सुरुवातीपासून ही सवय लावली तर मोठी चित्रेही हाताळता येतात. रोल (स्टॅकवरचे काही आकडे चक्राकार फिरवणारी सूचना) वापरताना क्रम लक्षात ठेवा: स्टॅकवर सर्वांत वर असते ती फेऱ्यांची संख्या, खोली तिच्याखाली.

फाइल पीएनजी किंवा जीआयएफमध्येच ठेवा. जेपीईजीचे संकोचन ठोकळ्यांच्या कडांजवळचे रंग किंचित बदलते. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण यादीबाहेरचे रंग काही इंटरप्रिटर पांढरे मानतात तर काही काळे. चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये कडा मऊ करण्याची सोय बंद हवी आणि ब्रशऐवजी पेन्सिल हवी. चित्र मोठे करताना ‘निअरेस्ट नेबर’ पद्धतच निवडा. आणि कोडेलचा आकार इंटरप्रिटरला सांगा. दर कोडेल १० बाय १० पिक्सेल करून ठेवला आणि इंटरप्रिटरने एक पिक्सेल म्हणजे एक कोडेल धरला, तर ८ चे ८०० आणि ९ चे ९०० होतात, आणि ७२ ऐवजी ७,२०,००० हाती येतात. रंग बरोबर, वाट बरोबर, उत्तर चुकीचे असे दिसले की आधी हेच तपासा.

व्हाइटस्पेसमध्ये अर्थ तीन न दिसणाऱ्या चिन्हांना बांधलेला आहे: जागा, टॅब आणि नवी ओळ. एडविन ब्रेडी आणि ख्रिस मॉरिस यांनी ती १ एप्रिल २००३ रोजी, डरहॅम विद्यापीठात असताना जाहीर केली. बाकी सगळी चिन्हे तिच्या लेखी टिपणी आहेत. सूचनेचा पहिला भाग गट सांगतो: जागा म्हणजे स्टॅकची कामे, टॅब-जागा म्हणजे गणित, टॅब-टॅब म्हणजे हीप (पत्ता देऊन आकडे ठेवण्याची स्मृती), नवी ओळ म्हणजे प्रवाहाचे नियंत्रण, टॅब-नवी ओळ म्हणजे वाचणे आणि छापणे. आकडा लिहिताना आधी चिन्ह (जागा धन, टॅब ऋण), मग द्विमान अंक (जागा ०, टॅब १), आणि शेवटी नवी ओळ. जागेला ‘जा’, टॅबला ‘टॅ’, नव्या ओळीला ‘ओ’ म्हटले तर ‘एच’ छापणारा पूर्ण प्रोग्राम असा:

जा जा · जा · टॅ जा जा टॅ जा जा जा · ओ
टॅ ओ जा जा
ओ ओ ओ

पहिल्या ओळीत पुश, धन चिन्ह, ७२ चे सात द्विमान अंक आणि शेवट, दुसरीत अक्षर छापा, तिसरीत समाप्त. (मधले ठिपके आणि ओळी वाचण्याच्या सोयीसाठी आहेत, प्रोग्रामचा भाग नव्हेत.) ११ अधिक ४ अधिक ३, एकूण १८ चिन्हे. ‘न’ साठी सातऐवजी बारा द्विमान अंक लागतात, म्हणजे पाचच चिन्हे वाढतात. पीटमध्ये मोठा आकडा क्षेत्रफळ खातो, इथे तो जेमतेम लांबतो. मांडणी बदलली की काय महाग आणि काय स्वस्त तेही बदलते.

हे हाताने टंकू नका. वर दिल्यासारखी अक्षरांतली मांडणी एका साध्या फाइलीत लिहा, आणि पायथनच्या चार ओळींत तीन खुणांच्या जागी तीन चिन्हे घालून, बाकी सगळे गाळून, नवी फाइल तयार करा. तपासायचे ते फाइलच्या आकारावरून. वरचा प्रोग्राम नेमका १८ बाइट भरला पाहिजे. २३ दिसले तर फाइल विंडोज पद्धतीच्या ओळींनी साठवली गेली आहे: पाच नव्या ओळी, प्रत्येकीला एक जादा बाइट. नियमाप्रमाणे ते जादा चिन्ह टिपणीत जमा होते, म्हणून प्रोग्राम बहुधा चालतो. १८ पेक्षा कमी बाइट दिसले तर मात्र एडिटरने काहीतरी खाल्ले आहे. ओळीच्या शेवटच्या रिकाम्या जागा कापण्याची सेटिंग चालू असेल तर जवळजवळ अख्खा प्रोग्रामच ‘शेवटची रिकामी जागा’ ठरतो. फाइलअखेरच्या रिकाम्या ओळी छाटण्याची सेटिंग समाप्तीच्या तीन ओळी उडवते. टॅबऐवजी चार जागा घालणारी सेटिंग फाइल लांबवते, आणि त्यातून निघणारा प्रोग्राम कधीकधी वैधही असतो, जे जास्त वाईट. वेबपानावरून कॉपी केलेला प्रोग्राम चालेल अशी आशा धरू नका. लागोपाठच्या जागा तिथे एकत्र होतात. फाइल जोडूनच पाठवा.

बाकीची चिन्हे टिपणी असल्यामुळे एकाच फाइलीत सी भाषेचा एक प्रोग्राम आणि व्हाइटस्पेसचा दुसरा असे दोन्ही नांदू शकतात. सीला जास्तीच्या जागांचे वावडे नाही. तेच पायथनबरोबर करायला गेलात तर ओळीच्या सुरुवातीची जागा दोघांनाही हवी असते आणि जुळवणे अवघड होते.

जागेला अर्थ बांधणाऱ्या भाषांत बिफंज सर्वांत शिकण्याजोगी. ख्रिस प्रेसी यांनी १९९३ मध्ये केलेली ही भाषा ८० बाय २५ च्या चौकटीवर चालते. प्रत्येक घरात एक चिन्ह असते, बाण दिशा बदलतात, आणि चौकटीच्या एका कडेला बाहेर पडलो की समोरच्या कडेने आत येतो. आकडे ० ते ९ एवढेच थेट ढकलता येतात. ‘*’ गुणाकार करतो, ‘,’ अक्षर छापतो, ‘:’ वरच्या आकड्याची प्रत काढतो आणि ‘@’ प्रोग्राम थांबवतो. म्हणून ‘एच’ असा:

89*,@

आणि ‘न’ असा, पुन्हा ४८ च्या वर्गावरून:

68*:*85*+,@

अंक इंग्रजीच हवेत. देवनागरी ६ आणि ८ लिहिले तर ती अनोळखी चिन्हे ठरतात. अधोरेखा म्हणजे ‘_’ हा आडवा निर्णय: वरचा आकडा शून्य असेल तर उजवीकडे, नसेल तर डावीकडे. ‘#’ पुढचे एक घर ओलांडते. यातून मजकूर छापण्याचा हा नेहमीचा तुकडा बनतो:

"राक्समन">:#,_@

हा ‘नमस्कार’ छापतो. अवतरणातले प्रत्येक चिन्ह स्टॅकवर चढते आणि शेवटचे आधी उतरते, म्हणून शब्द उलटा लिहायचा. जाताना ‘:’ वरची प्रत काढतो, ‘#’ स्वल्पविराम ओलांडतो, ‘_’ प्रत तपासून डावीकडे वळवतो. परतीच्या वाटेवर स्वल्पविराम अक्षर छापतो, ‘#’ आता ‘:’ ओलांडतो, आणि ‘>’ पुन्हा उजवीकडे पाठवतो. एकच रस्ता जाताना एक काम करतो आणि येताना दुसरे. दोन मितींच्या मांडणीचे खरे बळ इथे दिसते, आणि बिफंज शिकायची तर याच तुकड्यावर कागदपेन्सिल घेऊन बसावे.

मराठी मजकुराची अडचणही इथेच लख्ख दिसते. ‘नमस्कार’ डोळ्यांना चार अक्षरांचा. युनिकोडमध्ये त्याची चिन्हे सात (न, म, स, हलन्त, क, काना, र). यूटीएफ-८ मध्ये बाइट २१. इंटरप्रिटर चिन्हे मोजत असेल तर हा शब्द सात घरे व्यापतो, बाइट मोजत असेल तर एकवीस, आणि पडद्यावर त्याहून वेगळेच दिसते. खालच्या ओळीतला बाण वरच्या चिन्हाखाली बरोबर बसवला असे वाटते, पण तो भलत्याच घरात असतो. शिवाय बाइटवर चालणाऱ्या इंटरप्रिटरसाठी शब्द बाइटनिशी उलटा लागतो, आणि तसे उलटलेले बाइट वैध यूटीएफ-८ राहत नाहीत, त्यामुळे एडिटर ती फाइल उघडताना बिघडवतो. उपाय दोन: मजकूर अशा ओळीत ठेवा जिच्या वर-खाली कोणताही रस्ता जात नाही, किंवा मजकूर आकड्यांनीच बांधा.

बिफंजमध्ये दोन सूचना चौकटीतले घर वाचतात आणि बदलतात, म्हणजे प्रोग्राम चालता चालता स्वतःला लिहितो. भाषा मुद्दाम कंपाइल करायला, म्हणजे आधीच यंत्रभाषेत उतरवायला, अवघड व्हावी म्हणून ती सोय ठेवली गेली. नवशिक्याने ती घरे चलांसारखी वापरावीत, पण चौकटीच्या एका कोपऱ्यात, रस्त्यापासून दूर.

मार्टिन एन्डर यांची हेक्सॅगनी हीच कल्पना षटकोनी जाळीवर नेते. तिथे घरांची संख्या १, ७, १९, ३७, ६१ अशीच असू शकते. कोड एका सलग ओळीत लिहिला तरी चालतो. इंटरप्रिटर तो सर्वांत लहान पुरेशा षटकोनात भरतो आणि उरलेल्या घरांत टिंबे घालतो. म्हणून सात चिन्हांच्या चालू प्रोग्राममध्ये आठवे चिन्ह घातले की षटकोन १९ घरांचा होतो आणि प्रत्येक चिन्हाचे शेजारी बदलतात. आकार आधी ठरवा, टिंबे स्वतः घाला, मगच कोड भरा.

लांबीला अर्थ बांधणारी युनरी लिहिण्यासाठी नव्हे, समजण्यासाठी आहे. ब्रेनफकच्या प्रत्येक चिन्हाला तीन द्विमान अंक द्यायचे, सगळे जोडून समोर १ लावायचा, येणाऱ्या संख्येइतकी शून्ये फाइलीत लिहायची. आलेला मजकूर तसाच परत छापणारा प्रोग्राम ब्रेनफकमध्ये पाच चिन्हांचा आहे:

,[.,]

युनरीत तो ५६,६२३ शून्यांचा होतो. एक शून्य जास्त पडले की शेवटची दोन चिन्हे बदलून ‘[>’ होतात, कंस जुळत नाहीत आणि प्रोग्राम मोडतो. प्रत्येक नव्या चिन्हाने लांबी साधारण आठपट होते: दहा चिन्हांच्या प्रोग्रामला किमान १,०७,३७,४१,८२४ शून्ये, म्हणजे सुमारे एक जीबी, वीस चिन्हांना त्या एका जीबीच्या १०७ कोटी पट. तरी माहिती म्हणून फाइलमध्ये एकच गोष्ट आहे, तिची लांबी. कोणताही प्रोग्राम शेवटी एक संख्या असतो, हे यापेक्षा स्पष्ट दाखवणारी भाषा मला माहीत नाही.

त्याच वाटेवर जॉन कॉनवे यांची फ्रॅक्ट्रॅन येते, आणि माझ्या मते या सगळ्यांत देखणी तीच. प्रोग्राम म्हणजे अपूर्णांकांची यादी. हातातल्या संख्येला यादीतल्या ज्या पहिल्या अपूर्णांकाने गुणून पूर्णांक येतो त्याने गुणायचे आणि पुन्हा पहिल्यापासून पाहायचे; एकानेही येत नसेल तर थांबायचे. स्मृती असते मूळ संख्यांच्या घातांकांत. ३/२ हा एकच अपूर्णांक बेरजेचा प्रोग्राम आहे. ३ आणि ४ यांची बेरीज हवी तर २ चा तिसरा घात गुणिले ३ चा चौथा घात, म्हणजे ६४८, घेऊन सुरू करा: ६४८, ९७२, १४५८, २१८७. शेवटची संख्या ३ चा सातवा घात. हे कागदावर करता येते, संगणक लागत नाही. चूक होते ती अपूर्णांकांच्या क्रमात. नेहमी लागू पडणारा अपूर्णांक आधी ठेवला तर पुढचे कधीच चालत नाहीत.

डॅनियल टेमकिन यांची फोल्डर्स ही २०१५ ची भाषा अर्थ फोल्डरांच्या आत किती फोल्डर आहेत याला बांधते. नावांना अर्थ नाही, फायलींना अर्थ नाही. पहिल्या सबफोल्डरात चार फोल्डर असतील तर ‘छापा’, आणि काय छापायचे ते त्याच्या शेजारच्या सबफोल्डरात, तशाच पद्धतीने. क्रम मात्र नावांवरूनच लागतो, म्हणून ०१, ०२, ०३ अशी समान लांबीची नावे द्या. विंडोजने आपोआप दिलेली नावे पडद्यावर एका क्रमाने दिसतात आणि अक्षरशः लावली तर २ च्या आधी १० येतो. दुसरा धोका गिटचा, म्हणजे कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनाचा: तो रिकामे फोल्डर ठेवत नाही. प्रोग्राम गिटवर चढवला की सर्वांत आतले फोल्डर गळतात आणि उतरवून घेतलेल्या प्रतीत काही उरत नाही. प्रत्येक टोकाच्या फोल्डरात एक रिकामी फाइल ठेवा. फायली दुर्लक्षित असल्याने अर्थ बदलत नाही. टेमकिन यांचीच व्हेलाटो संगीताच्या मिडी फाइलीत लिहितात. तिथे पुन्हा पीटसारखेच: स्वर कोणता यापेक्षा आधारस्वरापासून तो किती दूर आहे हे महत्त्वाचे, आणि लयीला अर्थ नसल्याने ती संगीतकाराला मोकळी.

मॅलबोल्ज शेवटी घेतो, कारण तिच्यात हाताने लिहिण्याचा प्रश्नच उरत नाही. बेन ओल्मस्टेड यांनी १९९८ मध्ये केलेल्या या भाषेत सूचना ठरते ती चिन्हाचा क्रमांक आणि त्याची स्मृतीतली जागा यांच्या बेरजेला ९४ ने भागून उरलेल्या बाकीवरून. बाकी ८१ म्हणजे थांबा. पहिल्याच, म्हणजे शून्याव्या जागी रोमन ‘क्यू’ (८१) असेल तर प्रोग्राम थांबतो. त्याच्या पुढच्या जागी थांबायला ‘पी’ (८०) लागतो. शिवाय प्रत्येक सूचना चालून झाल्यावर लगेच दुसऱ्या चिन्हात बदलली जाते, म्हणून त्याच जागी परत आलो तर तिथे वेगळीच सूचना असते. साध्या लूपसाठीसुद्धा बदलांची साखळी फिरून मूळ ठिकाणी येईल अशी जागा शोधावी लागते. पहिला चालणारा प्रोग्राम २००० मध्ये मिळाला, तो अँड्र्यू कुक यांनी लिस्प भाषेत बीम सर्च (दर पायरीला मोजकेच चांगले पर्याय ठेवत जाणारा शोध) चालवून शोधला. या भाषेत उतरायचे तर कोड लिहू नका, कोड शोधणारा प्रोग्राम लिहा.

शिकायचा क्रम विचाराल तर बिफंज आधी, कारण तिची प्रत्येक पायरी बोटाने गिरवता येते. मग व्हाइटस्पेसचे छोटे रूपांतरक, आणि त्यानंतर पीट, पांढऱ्या फटी ठेवत.

स्वतःची भाषा करायची असेल तर चार गोष्टी पहिल्याच पानावर लिहा: काय मोजले जाते, काय दुर्लक्षित होते, नियमात न बसणारे काही आले तर काय करायचे, आणि प्रोग्राम कुठे थांबतो. पीटमध्ये यादीबाहेरच्या रंगांचे काय करायचे हे मोकळे ठेवल्यामुळे एकच चित्र दोन इंटरप्रिटरांवर दोन तऱ्हेने चालते. देवनागरी शब्द वापरणार असाल तर ‘दऱ्या’सारखे शब्द आधी तपासा. त्यातला अर्धा र दोन प्रकारे साठवला जातो: एकात ‘ऱ’ आणि हलन्त, दुसऱ्यात ‘र’, हलन्त आणि न दिसणारा झिरो-विड्थ जॉइनर. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, तुलनेत वेगळे ठरतात, आणि युनिकोडचे नेहमीचे नॉर्मलायझेशन त्यांना एक करत नाही. ते रूपांतर तुमच्या वाचकाने, म्हणजे लेक्सरने, पहिल्याच पायरीवर करायला हवे. नाहीतर एका कळफलकावर टंकलेला प्रोग्राम चालेल आणि दुसऱ्यावर टंकलेला तोच प्रोग्राम अनोळखी शब्द म्हणून नाकारला जाईल.